चौदा नंबरचा कागद

ज्या वर्षी मोठ्या सिस्टरांच्या भाचीचे ठरलेले लग्न मोडले, त्या वर्षी मी कामाला लागलो.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या मी अडगळीच्या खोलीत एका चाक तुटलेल्या खाटेवर पडून असतो. माझ्या शेजारी सलाईन टांगायचे तीन गंजके स्टँड आणि वजनाचा एक जुना काटा आहे. काटा अजून बरोबर वजन दाखवतो, पण त्याच्यावर आता कोणी उभे राहत नाही. आम्हा दोघांचे बरे जमते. दोघांनाही खोटे बोलता येत नाही, आणि दोघांनाही कोणी विचारल्याशिवाय खरे सांगता येत नाही.

माझे काम पाळ्या सांभाळण्याचे होते. ज्यांची मूत्रपिंडे थकलेली असतात, अशा माणसांचे रक्त आठवड्यातून तीन वेळा यंत्रातून धुऊन घ्यावे लागते. याला डायलिसिस म्हणतात. एका वेळेला चार तास लागतात. आमच्या केंद्रात सहा खाटा आणि सहा यंत्रे होती. सकाळी सहा जण, दुपारी सहा जण. निम्मे लोक सोमवार, बुधवार, शुक्रवारचे. निम्मे मंगळवार, गुरुवार, शनिवारचे. रविवारी केंद्र बंद. असे एकूण चोवीस जण. पंचविसाव्याला जागा नव्हती. जागा व्हायची ती एकाच कारणाने, आणि ते कारण कोणी तोंडाने बोलत नसे.

माझ्या आधी हे काम एक वही करीत असे. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. मोठ्या सिस्टर त्या केंद्रातल्या सर्वांत जुन्या परिचारिका. त्या वहीत नावे लिहीत, खोडत, खोडलेल्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवीत. कारण लोक आपापसात पाळ्या बदलून घेत. कोणाकडे साखरपुडा असे, कोणाला कोर्टात तारीख असे. मग एकाने दुसऱ्याला फोन करावा, "उद्याची माझी सकाळ तुम्ही घ्या, तुमची परवाची मला द्या," आणि दोघांनी मोठ्या सिस्टरांना सांगावे, अशी रीत होती. सिस्टर घेणाऱ्याला काही विचारीत नसत. देणाऱ्याला मात्र समोर उभे करून तीन प्रश्न विचारीत. पाय सुजलेत का? दम लागतो का? वजन किती? आणि उत्तर काहीही आले तरी खाली वाकून त्याची नडगी अंगठ्याने दाबून बघत. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला, तर अंगात पाणी साठले आहे असे समजायचे. मग पाळी द्यायची परवानगी नाही. साखरपुडा असो नाहीतर आणखी काही असो.

लग्न का मोडले ते मला माहीत नाही. पण भाची तीन महिने घरात बसून होती आणि रोज कोणी ना कोणी नातेवाईक तिचे सांत्वन करायला येत होते. शेवटी मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "घरात बसून लोकांची तोंडं बघण्यापेक्षा इथे येऊन माझी वही बघ. तू संगणकाचं शिकलीस ना? मग हिचं काहीतरी कर."

माझे शरीर बंद पडलेल्या एका कचेरीतून आले. अक्कल भाचीने दिली. चादरी ठेवायच्या कपाटातला खालचा कप्पा मला मिळाला. कपाट सिस्टरांच्या टेबलामागेच होते आणि हवा खेळती राहावी म्हणून त्याचे दार उघडे असे. त्यामुळे खोलीतले बोलणे मला ऐकू येई. भाचीने मला इंटरनेटला जोडले. आता ज्याला त्याला घरी बसून फोनवर आपली पाळी दिसू लागली. प्रत्येक माणसाचा माझ्याजवळ एक कागद होता. खरा कागद नव्हे, पडद्यावरचा; पण सगळे त्याला कागदच म्हणत. त्यावर नाव, फोन, दर वेळेचे वजन, सिस्टरांचा शेरा आणि पुढची पाळी. प्रत्येक कागदाला नंबर होता. पाळी द्यायची असेल तर देणाऱ्याने आपला कागद उघडायचा, तेच तीन प्रश्न समोर येत, त्यांची उत्तरे द्यायची, वजन लिहायचे, घेणाऱ्याचा नंबर लिहायचा, मग आपला गुप्त शब्द पुन्हा टाकायचा आणि ‘हो’ वर बोट ठेवायचे. मोठ्या सिस्टरांची रीत भाचीने जशीच्या तशी माझ्यात उतरवली होती. एकच गोष्ट उतरवता आली नाही. मला अंगठा नव्हता.

मित्रांनो, इंटरनेटला जोडलेले दार म्हणजे भर रस्त्यावरचे दार. पहिल्याच आठवड्यात अनोळखी लोक येऊन कडी वाजवू लागले. माणसे नव्हेत, माणसांनी सोडलेले प्रोग्राम. ते दिवसभर हिंडतात आणि दिसेल ते दार ढकलून पाहतात. कोणी ‘१२३४’ हा गुप्त शब्द टाकून बघे, कोणी शंभर शब्द एकामागून एक. काही जण फारच लबाड. नाव लिहायच्या चौकटीत ते नावाऐवजी हुकूम लिहीत. भोळा संगणक असेल तर तो त्याला नाव न समजता हुकूमच समजतो आणि पोटातले सगळे कागद काढून समोर ठेवतो. भाचीने मला शिकवले होते, की चौकटीत काहीही आले तरी ती नुसती अक्षरे आहेत, ऐकायची नाहीत. मी ऐकली नाहीत. बाहेरचा एकही चोर माझ्यात कधी शिरला नाही, हे मी आजही मान वर करून सांगतो.

पण दारावर नाव विचारणारा पहारेकरी आत गेलेला माणूस कोणत्या खोलीत शिरतो ते बघत नसेल, तर त्याच्या पहाऱ्याला अर्थ किती?

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. मोठ्या सिस्टरांनी वही कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या मला दाखवीत आणि म्हणत, "आमच्या भाचीने केलंय. लग्न मोडलं ते एका अर्थी बरंच झालं." भाची समोर असली की मान खाली घालून माझ्यावरची धूळ पुसायची. धूळ नसली तरी पुसायची.

दोन नंबरच्या खाटेवर सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी शिंपीकाका येत. त्यांचा कागद चौदा नंबरचा. रोग्यांच्या हातात सुया टोचायच्या असतात आणि चार तास हात उघडा ठेवावा लागतो, थंडीत फार गारठतो, हे पाहून काकांनी एक नवीन बाही शोधून काढली होती. खांद्यापासून मनगटापर्यंत बटणे. हवी तेवढीच उघडायची, बाकी हात झाकलेला. चोवीस जणांपैकी वीस जणांच्या अंगात काकांची बाही होती. शिलाई विचारली की म्हणत, "आयुष्यभर मी यंत्राला बसलो. आता यंत्र मला बसवतंय. हिशोब फिटला."

त्याच दोन नंबरच्या खाटेवर मंगळवार, गुरुवार, शनिवारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई येत. त्यांचा कागद सतरा नंबरचा. खाट एकच आणि दिवस वेगळे, त्यामुळे दोघांची गाठ क्वचितच पडे. पण खाटेशेजारच्या कप्प्यात काका बाईंसाठी शिवलेली बाही ठेवून जात आणि बाई काकांसाठी चिठ्ठी. काकांची नजर अधू झाली होती, म्हणून बाई अंगठ्याएवढी अक्षरे काढीत. एकदा लिहिले होते, "उजवी बाही अर्धा इंच लांब. बाकी शंभरपैकी पंच्याण्णव." काकांनी ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. "शाळेत कधी गेलो नाही," ते म्हणाले, "आणि म्हातारपणी पंच्याण्णव मार्क पडले."

या अधू नजरेतूनच पुढचे सगळे झाले. नातीच्या शाळेत कार्यक्रम होता म्हणून काकांना एक पाळी द्यायची होती. त्यांनी गुप्त शब्द तीनदा चुकीचा टाकला. मला शिकवल्याप्रमाणे मी त्यांना तासभर बंद केले. तासानंतर ते पुन्हा तीनदा चुकले. कार्यक्रम हुकला. दुसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या काका म्हणाले, "चष्मा नसला की आरशातला मी मला ओळखत नाही. डब्याने तरी का ओळखावं?"

सगळे हसले. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी भाचीला बोलावले.

"त्या गुप्त शब्दाचं एवढं काय आहे?"

"मावशी, तो काढला तर कुणीही कुणाच्याही वतीने हो म्हणू शकेल."

"मग म्हणू दे की. काकांच्या वतीने काकू म्हणतील, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा म्हणेल. सगळी आपलीच माणसं. डोळ्यांनी दिसत नाही त्याला किती छळायचं?"

भाचीने माझा पडदा स्वतःकडे वळवला. मग म्हणाली, "बरं. दोन दिवसांसाठी काढते. मग त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी नीट करून देते."

शेजारच्याला काकांचा कागद उघडता यावा म्हणून तिने आणखी एक गोष्ट सैल केली. दारावरचा गुप्त शब्द तसाच राहिला, पण एकदा कोणी आपल्या नावाने आत आला, की तो मागेल तो कागद मी उघडावा. हा तुझा कागद आहे का, असे विचारू नये.

काकांना फार आनंद झाला. "आता कसं," ते म्हणाले, "डबा शहाणा झाला."

त्यानंतर पंधरा दिवसांत भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. मोठ्या सिस्टरांनी तिला निरोप देताना दोनदा डोळे पुसले. पुढे माझे काही अडले तर भाची फोनवरून सांगे आणि मोठ्या सिस्टर चष्मा कपाळावर चढवून तसे करीत. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच तो प्रकार. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, दोन आठवड्यांची दोन वर्षे झाली.

मला कोणी बजावले नाही असे मात्र नाही. दुपारच्या पाळीला कॉलेजात शिकणारी एक मुलगी येत असे. एके दिवशी फोन हातात घेऊन ती टेबलाशी आली.

"सिस्टर, वर पत्त्यात माझ्या कागदाचा नंबर दिसतो. तो बदलला की दुसऱ्याचा कागद उघडतो. मी एकदाच करून बघितलं आणि लगेच बंद केलं. पण कुणीही करू शकेल."

"अगं, कोण कशाला बघायला जातंय? काय आहे त्यात, वजन आणि पाळी. कुणाच्या वजनाची मेली चोरी व्हायचीय?"

"नुसतं बघण्याचं नाही, सिस्टर. त्यात बदलही करता येतो."

"भाचीला सांगते."

सांगितले. भाची म्हणाली, "येत्या रविवारी बघते." मुलगी हुशार होती. तिने तेच सगळे माझ्या ‘सूचना’ या चौकटीतही लिहून ठेवले. ती चौकट कोण वाचणार, हे कोणीच ठरवले नव्हते. ती सूचना मी अकरा महिने जपून ठेवली. जपण्यात मी कधी कमी पडलो नाही.

आता त्या रविवारचे सांगतो.

शनिवारी बाईंच्या पायात गोळे आले आणि त्यांची पाळी निम्म्यात थांबवावी लागली होती. रविवारी संध्याकाळी त्यांना दम लागू लागला. त्यांचा मुलगा घरोघर पार्सले पोचवण्याचे काम करतो. आईचे सगळे तोच बघे. त्याने केंद्राला फोन केला. रविवार, कोणी उचलला नाही. मोठ्या रुग्णालयात फोन केला. त्यांनी घेऊन या म्हटले, पण डायलिसिसची खाट कधी मिळेल ते सांगता येणार नाही. आईची पाळी मंगळवारची. मंगळवारपर्यंत ती राहील का, अशी त्याला धास्ती होती. हे सगळे त्याने नंतर सांगितले, तेव्हा मला कळले. रविवारी माझ्याकडे आला तो फक्त सतरा नंबरचा कागद उघडणारा एक फोन.

सोमवारच्या सकाळी एकही पाळी मोकळी नव्हती. तो थोडा वेळ तसाच थांबला. मग त्याला पत्त्यातले सतरा दिसले. ज्याचा दिवस घरांचे नंबर बघण्यात जातो, त्याला सतराच्या अलीकडे सोळा असणार हे सांगावे लागत नाही. त्याने सोळा लिहिले. मी सोळा उघडला. तो मंगळवारचा निघाला. त्याने पंधरा लिहिले. मी पंधरा उघडला. तो सोमवारचाच होता, पण त्यावर सिस्टरांचा शेरा होता, ‘सूज आहे, लक्ष ठेवणे.’ त्याने तो बंद केला. मग त्याने चौदा लिहिले.

चौदावर शेरा होता, ‘प्रकृती ठीक.’ तो शुक्रवारचा शेरा होता, डायलिसिस झाल्यानंतरचा. तेव्हा प्रकृती सगळ्यांचीच ठीक असते.

काकांना तो ओळखत होता. आईच्या अंगातली बाही त्यांनीच शिवलेली. हसरा माणूस, एक दिवस इकडेतिकडे झाला तर काय होईल, असे त्याला वाटले. त्याने ‘पाळी देणे’ वर बोट ठेवले. मी तीन प्रश्न विचारले. पाय सुजलेत का? नाही. दम लागतो का? नाही. वजन किती? यावर तो अडला. मग त्याने कागद वर सरकवला, शुक्रवारचे वजन वाचले आणि तेच लिहिले. अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम. घेणाऱ्याच्या जागी सतरा लिहिले आणि ‘हो’ म्हणाला.

मित्रांनो, मी दारावर नाव विचारले होते आणि त्याने खरेच सांगितले होते. तो आत आला तो आपल्या आईच्या नावाने, चोरून नव्हे. फक्त चौदा नंबर तुझा आहे का, एवढे मी विचारले नाही. अशा चोरीला कुलूप फोडावे लागत नाही, की भिंत चढावी लागत नाही. एक आकडा खोडून दुसरा लिहिला, एवढेच. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. इथे तर दळणारा डोळस होता आणि आपल्याच हाताने पीठ वाढत होता.

मी नेमाप्रमाणे काकूंच्या फोनवर निरोप पाठवला, की आपली पाळी मंगळवारी सकाळी गेली आहे. तो रोजच्या जाहिरातींच्या ढिगात पडून राहिला.

सोमवारी सकाळी काका आणि काकू नेहमीच्या वेळेला आले. दोन नंबरच्या खाटेवर बाई होत्या. नळ्या लागलेल्या, डोळे मिटलेले, छाती वरखाली होत होती. मोठ्या सिस्टर धावपळीत होत्या. त्यांनी पडद्याकडे बघितले.

"काका, आज तुमची पाळी नाही. तुम्ही काल दिलीत ना बाईंना. उद्या आहे तुमची."

"मी दिली?"

"हे काय, इथे आहे. सूज नाही, दम नाही, वजन अठ्ठावन्न चारशे. हो म्हटलंय तुम्ही."

काका पडद्याजवळ वाकले. त्यांना काहीच दिसले नसणार. "दिली असेन," ते म्हणाले. "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. हिने केलं असेल."

"मी कशाला करू?" काकू म्हणाल्या. "अहो, तुम्हाला तर पहाटेपासून दम लागतोय. झोपला कुठे तुम्ही?"

"अगं, आता त्या माउलीच्या नळ्या काढायला लावू का? उद्याचंच तर आहे." मग त्यांनी सिस्टरांना विचारले, "दुपारी कुणी आलं नाही तर बोलवाल ना?"

"बोलवते, काका. पाणी कमी प्या."

जाताना ते खाटेशी थांबले. बाईंच्या हातावरच्या बाहीचे एक बटण निसटले होते, ते त्यांनी चाचपून लावले. बाईंना कळलेही नाही.

वहीच्या दिवसांत मोठ्या सिस्टर खाली वाकल्या असत्या. त्या दिवशी वाकल्या नाहीत. ज्याने आपणहून पाळी दिली, त्याला बरे वाटत असणारच. पडद्यावर तसे लिहिलेले होते. काकांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि काकांनीही स्वतःपेक्षा माझ्यावरच ठेवला. दुपारी सहाही जण आले. फोन गेला नाही.

मंगळवारी सकाळी दोन नंबरची खाट रिकामी राहिली. साडेआठला मोठ्या सिस्टरांनी फोन लावला. काकूंचे बोलणे मला ऐकू आले नाही. सिस्टरांनी फोन खाली ठेवला आणि त्या खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी चौदा नंबरचा कागद उघडला आणि वजनाच्या रकान्यावर बोट ठेवले. शुक्रवारी अठ्ठावन्न चारशे. रविवारी अठ्ठावन्न चारशे.

"असं होत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दोन दिवसांत दोन किलो चढतात. काकांचे चढतातच."

ते दोन आकडे माझ्या पोटात रविवारपासून शेजारी शेजारी पडून होते. मला विचारले असते तर मी दाखवले असते. त्यांनी भाचीला फोन केला. भाचीने सांगितलेल्या जागी त्यांनी माझी पाऊलनोंद उघडली. कोण कुठून आला, कुठे गेला, ते सगळे मी तिथे लिहून ठेवतो. त्यात सरळ लिहिलेले होते: कागद चौदा, होकार, आत आलेला माणूस, कागद सतरा.

दुपारी मुलगा आला. बाहेर पार्सलांची गाडी तशीच उभी होती. मोठ्या सिस्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने वाचले आणि काही नाकबूल केले नाही.

"आई गुदमरत होती, सिस्टर. मी एकच दिवस घेतला."

"माझा घरचा नंबर आहे तुझ्याकडे. मला का नाही फोन केलास?"

"रविवार होता. आणि तुम्ही म्हणाला असतात, काकांना विचार."

"मग विचारायचं होतंस."

"ते नाही म्हणाले असते तर?"

"ते?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "गेल्या चार वर्षांत त्या माणसाने कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण रविवारी म्हणाला असता. त्याला दम लागत होता. मग तू दुसऱ्याला विचारलं असतंस, मला विचारलं असतंस, आम्ही सातवी खाट उभी केली असती. कुणीतरी काहीतरी केलं असतं." त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. "तुला एकट्याला काय बोलू? कडी मीच काढायला लावली होती."

"आईला सांगणार तुम्ही?"

"मी नाही. तू."

संध्याकाळी सिस्टर काकूंच्या घरी गेल्या. छापलेला कागद सोबत नेला. तिथे काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही आणि वरच्या कप्प्यातली वही खाली काढली.

भाची रविवारी आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने मला एक ओळ शिकवली: कागद उघडण्याआधी, तो मागणाऱ्याचाच आहे का, ते विचार. एकच ओळ. चहाचा कप गार व्हायच्या आत तिचे काम संपले. काकांसारख्यांसाठी तिने आवाज ऐकून ओळखायची सोयही केली. त्या सोयीला मात्र दिवस लागला.

"मावशी, किती सोपं होतं हे," ती म्हणाली.

"सोपं होतं म्हणूनच राहिलं," मावशी म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी काकू एक पिशवी घेऊन आल्या. काकांनी पुऱ्या करून ठेवलेल्या अकरा बाह्या तिच्यात होत्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी टाचलेली. बाईंच्या नावाची बाही दोन नंबरच्या खाटेच्या कप्प्यात ठेवली गेली. ती उजवी होती, आणि अर्धा इंच आखूड केलेली. बाईंनी ती पिशवीत ठेवली, घातली कधीच नाही. मुलाने त्यांना सगळे सांगितले होते. पुढची तीन वर्षे, जोपर्यंत त्या येत राहिल्या तोपर्यंत, खाटेवर बसण्याआधी त्या दर वेळी सिस्टरांना विचारीत, "ही पाळी माझीच आहे ना? बघून सांगा." मुलगा तेव्हा दाराबाहेर उभा असे.

मी आणखी पाच वर्षे काम केले आणि दर वेळी विचारले. मग नवीन यंत्र आले आणि मी इथे आलो. मला त्याचे दुःख नाही. जुन्या वस्तूने जागा सोडावी हे बरोबरच आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखे संगणक घडवील, त्यांना शिकवील. त्याला माझे एवढेच मागणे आहे. दारावर विचारता तसे आत प्रत्येक कपाटापाशी विचारायला शिकवा. माणसे आपली आहेत म्हणून कडी काढू नका. कडी आपल्या माणसांसाठीच असते, घाबरलेल्या आपल्या माणसासाठी तर नक्कीच. दोन दिवसांसाठी काढलेली गोष्ट तिसऱ्या दिवशी परत लावा. आणि एखादी मुलगी येऊन म्हणाली, की इथे भोक आहे, तर तिला रविवार दाखवू नका. आणि पडद्यावर काहीही लिहिलेले असो, समोरच्या माणसाकडे एकदा वाकून बघा.

शिंपीकाका भाचीचे लग्न मोडल्यापासूनच्या चौथ्या वर्षी, त्या सोमवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, आपल्या शिलाईच्या यंत्रापाशी बसलेले असताना वारले. त्यांचे वय बासष्ट होते. त्यांची पुढची पाळी माझ्याजवळ लिहिलेली होती: मंगळवार, सकाळी सात, खाट क्रमांक दोन.